शपथेनंतरचा तिसरा दिवस

१० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन आला की ताणतणाव आणि नैराश्यावर भरपूर बोललं जातं. दारूचा विषय त्याआधीच, २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनी उरकलेला असतो. दिवस दोन, सरकारी खातीही दोन: व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान सामाजिक न्याय विभागाचं, मनोविकारांची ओपीडी आरोग्य विभागाची. पेशंट मात्र एकच.

समजा, तो बिद्रीचा. कागल तालुक्यातलं बिद्री म्हणजे दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं गाव. मुदाळ तिट्ट्यापलीकडे आदमापूर, बाळूमामांचं देवस्थान. देवाची शपथ घेऊन दारू सोडायची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि त्या निश्चयाचं मोल मोठं आहे. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली, की हात थरथरतात, झोप उडते, कधी फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, नसलेली माणसं हाका मारतात. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी लागलं. मग देवऋषी, अंगारा, आणि त्यात गेलेली रात्र. वैद्यकात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास माणूस दगावूही शकतो. वेळेत भरती केलं तर क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, यांनी बहुतेक जण सावरतात. शपथ जरूर घ्यावी, पण आधी डॉक्टरांना सांगून.

उलट्या दिशेनंही हेच. ‘झोप येत नाही म्हणून घेतो,’ असं सांगणाऱ्याचं नैराश्य कुणी तपासतच नाही. दारूनं डोळा लागतो, पण मध्यरात्रीच जाग येते आणि उदासी वाढत जाते.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. महाराष्ट्राला तर हे त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच.

पण येरवडा बिद्रीपासून लांब आहे. म्हणून गोव्याकडे बघावं. तिथं ‘संगथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं बसवली. जास्त पिणाऱ्या पुरुषांशी त्यांनी फार तर चार बैठका बोलायचं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’नं निष्कर्ष छापले: तीन महिन्यांनी धोकादायक पिणं सुटलेले ३६ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. सगळ्यांची सुटली नाही, पण हा फरक केवळ बोलण्यानं पडला.

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. केसपेपरवर बीपी-शुगरच्या शेजारी दोन प्रश्न हवेत: किती घेता आणि झोप कशी लागते? पिणारा स्वतः येणार नाही, हेही धरून चालावं. बायको अशक्तपणाच्या गोळ्या न्यायला येते, तेव्हाच सिस्टरनी दार लोटून तिला हळूच विचारावं, मालकांची झोप कशी आहे.