शेवग्याचे उत्पन्न : अंतर आणि खत

भिलाईच्या पोलाद वसाहतीत, सिविक सेंटरच्या परिसरात, मराठी कुटुंबातील 'शेवगा' शेजारच्या छत्तीसगढी घरात 'मुनगा' होतो. तेलुगूतील 'मुनग' व तमिळमधील 'मुरुंगै' ही याच नावाची भावंडे. वनस्पतिशास्त्रातील 'मोरिंगा' हे नावही याच कुळातले. मराठी 'शेवगा' मात्र संस्कृत 'शिग्रु'शी जोडला जातो. नावांचा हा प्रवास अभ्यासकांना परिचित आहे. त्या पिकाविषयीची शिफारस एका भाषेतून दुसरीत नेताना काय निसटते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

पहिली फसगत 'शेंग' या शब्दाने होते. शेंग येते म्हणून शेवगा तूर-हरभऱ्याच्या कुळातला ठरत नाही. तो हवेतील नत्र मुळांशी साठवीत नाही. त्याला नत्र बाहेरूनच पुरवावे लागते.

किती पुरवावे, हे अंतरावाचून सांगता येत नाही. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे निघालेल्या 'पीकेएम-१' या वाणासाठी झाडांत व ओळींत २.५ मीटर अंतराची शिफारस आहे. म्हणजे हेक्टरी १,६०० झाडे. पेरणीनंतर तीन महिन्यांनी खड्ड्यागणिक ४५ ग्रॅम नत्र दिले, तर त्या हप्त्यात हेक्टरी ७२ किलो नत्र पडते. हाच खड्ड्याचा आकडा एक मीटर अंतराच्या लागवडीस लावला, तर झाडे १०,००० आणि नत्र ४५० किलो! 'झाडागणिक' आणि 'हेक्टरी' यांतील भेद अनुवादात पुसला गेला, की शेतकऱ्याचा पैसा मातीत जातो.

दुसरा संदिग्ध शब्द 'उत्पन्न' हा होय. शेंगांसाठी फांद्यांना ऊन व मोकळीक हवी. झाडे दाटली की काही मर्यादेपर्यंत हेक्टरी उत्पन्न वाढते, पण झाडागणिक घटते. नत्राचा अतिरेक झाल्यास पाला माजतो व फुलोरा मागे पडतो. पाल्यासाठी न्याय उलटा आहे. निकाराग्वातील प्रयोगांत हेक्टरी १० लाख रोपांची दाट लागवड पाल्यासाठी योग्य ठरली. मात्र वारंवार कापणीने जमिनीतून उचललेले अन्न तितक्याच नियमाने परत द्यावे लागते.

भिलाईत हे नत्र दूरचे नाही. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या येथील पोलाद कारखान्यात कोक भट्ट्यांच्या वायूतील अमोनियापासून अमोनियम सल्फेट तयार होते. त्यात सुमारे २१ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ ग्रॅम नत्रासाठी ते सुमारे २१५ ग्रॅम घ्यावे लागते. त्याच्या सततच्या वापराने जमिनीची आम्लता वाढते, आणि छत्तीसगढची मुरमाड 'भाठा' जमीन बहुधा आधीच आम्लधर्मी असते. म्हणून शेणखताची जोड व मातीची तपासणी आवश्यक ठरते.

तात्पर्य, शेवग्याच्या खताचा कोणताही आकडा तीन प्रश्नांच्या उत्तरांसह वाचावा : शेंग की पाला, झाडागणिक की हेक्टरी, आणि नत्र की खत. मूळ शिफारशीत ही उत्तरे गृहीत असतात. अनुवादकाने ती स्पष्ट लिहिली पाहिजेत.