संगणकांतील तारीख

शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख एका दिवसानें चुकली, तर पालकांस किती खेटे घालावे लागतात, हें सांगावयास नकोच. हल्लीं या नोंदी संगणकांत ठेवल्या जातात. तेथें तारीख कशी साठविली जाते व परत कशी मिळते, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करूं.

उदाहरणार्थ, मोंगोडीबी हा डेटाबेस घेऊं. त्याचा जो तारीख-प्रकार आहे, त्यांत दिवस, महिना, वर्ष असें कांहीं लिहिलेलें नसतें. जागतिक प्रमाणवेळेनें १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद लोटले, ती संख्या तेवढी ठेवलेली असते. त्यापूर्वींच्या तारखेची संख्या ऋण असते. प्रोग्राम व डेटाबेस यांच्यामधील दुभाष्यास ड्रायव्हर म्हणतात. पायथन भाषेचा असा दुभाष्या पायमोंगो होय. प्रोग्रामनें दिलेल्या तारीखवेळेची तो संख्या करितो आणि वाचतांना त्या संख्येची पुन्हां तारीखवेळ करून देतो.

घोटाळा होतो तो येथेंच. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. समजा, एका मुलाची जन्मतारीख १२ जून २०११ आहे. ती भारतीय वेळेची खूण लावून मध्यरात्रीची म्हणून दिली, तर जागतिक वेळेनें ती ११ जूनचे सायंकाळचे साडेसहा होते. क्षण तोच आहे. परंतु निराळी सूचना नसल्यास पायमोंगो ही जागतिक वेळच, कसलीहि खूण न लावतां, परत देतो. तींतील दिवस तसाच उचलला, कीं दाखल्यावर ११ जून उमटतो! उलट, खूण न लावतां दिलेली वेळ तो जागतिकच समजतो. म्हणून सकाळीं दहाची हजेरी भारतीय वेळेनें दुपारीं साडेतीनची ठरते.

यावरून क्षण व दिवस यांतील भेद ध्यानांत ठेवावा. फी भरल्याची वेळ हा क्षण आहे; तो खुणेसह साठवावा आणि दाखवितांना भारतीय वेळेंत बदलून घ्यावा. जन्मतारीख हा पंचांगांतील दिवस आहे. ती '२०११-०६-१२' अशी अक्षररूपानेंच ठेवावी. वर्ष आरंभीं असल्यामुळें अशा तारखांचा क्रमहि बरोबर लागतो.

विद्यार्थ्यांनीं हा भेद प्रोग्राम लिहितांना पाळावा. पालकांनीं दाखला हातीं पडतांच तारीख ताडून पाहावी.