भोगीची भाजी आपल्याच अंगणातली



पितृपंधरवडा संपत आला की आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. यंदा भोगीच्या भाजीत घरचं काय काय पडणार?

आम्ही हिंजवडीच्या बाया. आमच्या सासवांच्या काळात हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. भात निघाला की खाचरात उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल, पावटा टाकायचा. पौषात टोपल्या भरून शेंगा घरात यायच्या. पुढे आयटी पार्क आलं, शेतं गेली, टॉवर उभे राहिले. ज्या घरात भाजी वाटून उरायची, तिथली सून आज बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन भाव विचारते. पण घरामागे, भाड्याच्या खोल्यांच्या कडेला, मोरीजवळ चार हात जागा बहुतेकींकडे अजून आहे. त्या चार हातांत हिवाळाभर काय पिकतं, ते आज बोलू.

परसबाग पहिल्यांदाच करायची असेल तर सुरुवात हिवाळ्यात करा. आपल्याकडे रात्री गारठा पडतो, कधी पारा दहाच्याही खाली जातो, पण दिवसा ऊन स्वच्छ असतं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना असंच हवामान मानवतं. पाणी कमी लागतं, तणही पावसाळ्यासारखं माजत नाही.

भोगीपासून मागे मोजा

पहिल्या वर्षी आम्ही सगळं बी एकाच दिवशी टाकलं. मेथी एकदम आली, आठवडाभर सगळ्यांच्या घरी मेथीच मेथी, आणि मग उरलेली फुलावर गेली. भोगीला मात्र बाजारात जावं लागलं. तेव्हापासून आम्ही भोगीचा दिवस धरतो आणि मागे मोजतो. भोगी साधारण १३-१४ जानेवारीला येते.

वांग्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. रोप तयार व्हायला महिना, लावल्यावर पहिलं फळ यायला दोन-सव्वादोन महिने. म्हणून वांग्याचं बी सप्टेंबर संपता संपता टाकायचं. पावटा आणि वालाच्या वेलाला तीन महिने तरी हवेत, तो नवरात्रात लावा. गाजर आणि हरभरा दसऱ्याच्या मागेपुढे, म्हणजे घाटे हिरवे मिळतात. मुळा नोव्हेंबरच्या शेवटी. पालक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मेथी महिन्याभरात तयार होते, ती डिसेंबरच्या मध्यावर. मेथी आणि कोथिंबीर एकदम टाकू नका. वाफ्याचे तीन-चार पट्टे पाडा आणि दर दहा-बारा दिवसांनी एक पट्टा पेरा. मग रोज थोडी थोडी ताजी भाजी मिळते.

उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. दिवाळीनंतर सुरुवात केली तरी पालेभाज्या, मुळा, लसणाची आणि कांद्याची पात भोगीपर्यंत हाताशी येते.

बी जुनं असेल तर आधी पारखून घ्या. घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य पेरतोच. तसंच वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांनी पंधराच्या वर कोंब आले तर बी चांगलं. दहाच आले तर दुप्पट टाका. कोथिंबिरीला मात्र आठ-दहा दिवस द्या. धणे हलक्या हातानं रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि मग पेरायचे. अख्खे धणे टाकून "उगवलंच नाही" म्हणणाऱ्या आमच्यातही होत्या.

ऊन आणि माती

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, सावल्या लांब पडतात. आमच्याकडे तर टॉवरची सावली दुपारीच अंगणात येते. म्हणून वाफा करण्याआधी एक दिवस नुसतं बघा. सकाळी दहाला ऊन कुठे आहे, दुपारी तीनला कुठे आहे. पाच-सहा तास ऊन लागेल तिथे वांगी, गाजर, शेंगा. कमी ऊन असेल तिथे पालक, कोथिंबीर, पुदिना. वालाचा मांडव उत्तरेच्या कडेला घाला, म्हणजे त्याची सावली बाकीच्यांवर पडणार नाही.

मातीचा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका बांधकामाच्या पायातली माती फुकट मिळाली म्हणून दोन गाड्या आणून टाकल्या. त्यात मुरूम, सिमेंटचे खडे, विटांचे तुकडे. पाणी टाकलं की वर कडक पापडी धरायची आणि कोंब आतच मरायचा. ती सगळी माती पुन्हा उपसावी लागली. तेव्हा माती आणताना मुठीत घेऊन बघा. ओली करून दाबली तर गोळा व्हावा, बोटानं टोचला तर फुटावा.

आम्ही दोन घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं कुजलेला पाला घेतो. ताजं शेण घालू नका, त्यातून हुमणी येते. जागाच नसेल तर जुनी गोणी भरा, तळाशी चार भोकं पाडा. एका गोणीत एक वांग्याचं झाड किंवा पालकाची दाट पेरणी सहज होते. गाजर-मुळ्याला मात्र खाली हातभर भुसभुशीत माती हवी, आणि उगवल्यावर विरळणी हवी. दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवा. उपटलेली मुळ्याची कोवळी रोपं टाकू नका, कोशिंबिरीत घाला.

पाणी आणि रोगराई

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशी धरते. बोट मातीत घालून बघा. पेरापेरापर्यंत ओल लागली तर पाणी नको. झाडांच्या बुडाशी भाताचा पेंढा किंवा वाळला पाला पसरला की ओल टिकते आणि टँकरच्या पाण्याची काळजी थोडी कमी होते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याला चालतं. साबणाचं पाणी केळीला सोडा, पालेभाजीला नको. आणि ओढ्यात, गटारीत वाहणारं पाणी भाजीला कधीच घालू नका, कितीही काळंभोर आणि खतासारखं दिसलं तरी. रस्त्याकडेच्या बागेत धूळ बसते, म्हणून भाजी दोन-तीन पाण्यांतून काढा.

आभाळ आलं की वालाच्या शेंड्यावर काळा मावा बसतो. सुरुवातीलाच शेंडा खुडून टाकला तर पुढचं टळतं. जास्त असेल तर निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून एक लिटर करायचं, थोडा साबणाचा चुरा घालायचा. उन्हं उतरल्यावर फवारायचं. वांग्याचा शेंडा मान टाकताना दिसला तर आत अळी आहे असं समजा. तो खालून कापा आणि नष्ट करा, वाफ्याच्या कडेला टाकून ठेवू नका.

खाण्याचं सुख

कष्टाचंच बोललो, आता सुखाचं. डिसेंबरच्या सकाळी पानांवर दव असतं, चहाचा कप घेऊन वाफ्याशी उभं राहावं, तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी हेच सांगतात, की दिवसातली ती दहा मिनिटं आमची स्वतःची.

ऑगस्टमध्ये वांगी लावलेल्यांना चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत घरच्या वांग्यांचं करता येतं. आणि भोगीला पावटा, घाटे, गाजर, वांगं, शेजारणीच्या झाडाची बोरं, तिळाचं कूट, बाजूला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. "न खाई भोगी, तो सदा रोगी" असं म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती.

पालेभाजीत लोह असतं, पण वर लिंबू पिळलं तर ते अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं. रक्त कमी असणाऱ्या आपल्यासारख्या बायांनी एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो. आणि भाजी पोरांना वाढून संपवू नका, स्वतःच्या ताटातही घ्या.

बी राखायला विसरू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावट्याचे आठ-दहा चांगले वेल असतील तर एकाच्या शेंगा तोडू नका. वेलावरच वाळू द्या. मेथी, कोथिंबिरीचा एक पट्टा फुलावर जाऊ द्या. वांग्याचं एक फळ पिवळं होईपर्यंत ठेवा. बी सावलीत सुकवा, राख लावून कोरड्या डब्यात भरा, वर नाव आणि वर्ष लिहा. हे गावठी वाणाचंच करा, संकरित बियाण्याची पुढची पिढी तशीच येत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम केलं. शाळेत न गेलेल्या या बाईनं घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवातही वाल-घेवड्यासारख्या साध्या बियांपासूनच होती.

आमच्याकडे एका सासूबाईंनी जुन्या पावट्याचं बी मडक्यात ठेवलं होतं. ज्या खाचरात तो व्हायचा तिथे आज पार्किंग आहे. त्यातले मूठभर दाणे आम्ही मागून आणले, निम्मे उगवले, आणि आता तो पावटा आमच्या अकरा अंगणांत आहे. त्या मडक्याकडे कुणी बघितलं नसतं, तर शेताबरोबर तोही गेला असता.

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे, चाळण्या वाटणं बंद केलं. कागदाच्या पुडीत पाच-पाच दाणे बांधतो. वाण म्हणून वाणच देतो. लागतो एक दाणा, पण पुढच्या भोगीला तिच्या टोपलीत शेंगा असतात.

तर यंदा घटस्थापनेआधी आपापल्या घरातली मडकी, डबे, जुन्या पुड्या उघडून बघा. कुणाकडे काय सापडलं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.