मेंदूच्या दुरुस्तीची आशा आणि विवेक

वलगावसारख्या गावात पेढी सांभाळणाऱ्या कर्त्या माणसाला पक्षाघात झाला की घराचा सारा व्यवहार थांबतो. अमरावतीच्या रुग्णालयातून जीव वाचून तो घरी येतो. परंतु हात उचलत नाही, शब्द उमटत नाहीत. अशा वेळी कोणी ‘स्टेम सेल’ उपचाराची जाहिरात दाखवतो आणि कुटुंब दागिने मोडण्याचा विचार करू लागते. म्हणूनच या शास्त्राची खरी स्थिती जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. मेंदूतील मूलपेशींपासून संदेश वाहणाऱ्या चेतापेशी निर्माण होतात, तशाच त्यांना आधार देणाऱ्या पेशीही निर्माण होतात. इजा झालेल्या जागी मूलपेशींचा कल बहुधा आधारपेशी होण्याकडे असतो. त्यांना चेतापेशी होण्यास प्रवृत्त कसे करावे, हाच संशोधकांपुढील प्रश्न आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने या प्रश्नाचा एक धागा उलगडला. उंदरांच्या भ्रूणावस्थेत, स्मृतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात, ‘एलएचएक्स-२’ हे जनुक काढून टाकले असता आधारपेशी अकाली तयार झाल्या. त्याचे कार्य वाढवले असता चेतापेशींची निर्मिती अधिक काळ चालू राहिली. 2011 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र नवी चेतापेशी जन्मली म्हणजे काम संपले असे नाही. तिने योग्य पेशींशी जोडले गेले पाहिजे.

जपानमधील क्योटो येथे प्रयोगशाळेत घडवलेल्या पूर्वपेशी कंपवाताच्या 7 रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आल्या. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि काहींच्या हालचाली सुधारल्या. आशा खरी आहे. पण ती पक्षाघाताची हमी नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताशी संबंधित ठरावीक आजार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : या चाचणीची सरकारी नोंदणी कोठे आहे? आणि ही चाचणीच असेल, तर रुग्णाकडून शुल्क कशासाठी?

आज हाती असलेला उपाय वेळेचा आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णाला साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यानंतर नियमित व्यायामोपचार आणि घरच्यांचा धीर यांनीच गमावलेले बरेच काही परत मिळवता येते.