दारिद्र्याचे निदान

महाकालेश्वराच्या दर्शनासाठी आपल्या किनारपट्टीवरून उज्जैनला जाणाऱ्या यात्रेकरूला तेथे दोन शहरे दिसतात. एक शिप्रेकाठचे, घाटांचे आणि देवळांचे. दुसरे रेल्वेमार्गापलीकडचे फ्रीगंज, शिंदेशाहीत आखीव रस्त्यांनी वसविलेले, टॉवर चौकाभोवती पेढ्या आणि दुकानांनी गजबजलेले. या बाजारपेठेत एखाद्याने हात पसरला, की गिऱ्हाइकाच्या मनात तीनपैकी एक विचार हमखास उमटतो. ‘धडधाकट आहे, मग काम का करीत नाही?’ हा पहिला. ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध,’ हा दुसरा. ‘सरकार झोपले आहे काय?’ हा तिसरा. हे उद्गार रस्त्यावरचे वाटले तरी दारिद्र्याच्या तीन उपपत्ती त्यांत सामावलेल्या आहेत आणि राज्यकर्त्यांची धोरणेही यांपैकीच एकीवर उभी असतात. म्हणून त्यांची छाननी केली पाहिजे.

दारिद्र्याचे मूळ आळसात आहे असे एकदा मानले, की शिक्षा हाच उपाय ठरतो. १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९७२ चा गोव्याचा आणि १९७३ चा मध्य प्रदेशचा, हे तिन्ही या विचारसरणीचे अपत्य होत. उज्जैनपासून पंचावन्न किलोमीटरवरील इंदुरात तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणेदेखील गुन्हा ठरविण्यात आले. तेथे उचललेल्यांपैकी काहींची रवानगी उज्जैनच्या एका आश्रमात झाली. पुनर्वसनाची ही जोड स्वागतार्ह आहे. पण तिच्या आधी पोलिसाची काठी कशासाठी, हा प्रश्न उरतोच. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. ज्याला अन्नवस्त्र पुरविण्यात राज्य अपुरे पडले, त्यालाच राज्याने तुरुंगात टाकावे, हे न्यायबुद्धीला पटणारे नव्हते.

आळसाच्या उपपत्तीची सर्वांत कठोर परीक्षा माळव्यातच झालेली आहे. इंदूर आणि उज्जैन ही एके काळी कापड गिरण्यांची शहरे. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. तेथील सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे तीन दशके उलटल्यावर. तोवर कित्येक कामगार निवर्तले होते. उज्जैनच्या बिनोद मिलच्या कामगारांनीही आपल्या घामाच्या पैशासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. गिरणीचा भोंगा वाजत होता त्या दिवसापर्यंत हा माणूस कष्टाळू होता. फाटकाला कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आळशी झाला काय? त्याचा स्वभाव पालटला नाही, त्याची मजुरी थांबली.

हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील असंख्य घरांच्या चुली मंदावल्या. त्या घरांत आळस शिरला होता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

दुसरी उपपत्ती प्रारब्धाची. तिच्यातून दानधर्म जन्मतो आणि दानाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. अन्नछत्राने आजची भूक भागते. मात्र प्रारब्ध हे धोरणाचे अधिष्ठान होऊ शकत नाही, हे आकडेच सांगतात. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार मध्य प्रदेशातील दरिद्री लोकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६.५७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २०.६३ टक्क्यांवर आले. गोव्यात ते अवघे ०.८४ टक्के होते. एका प्रांताचे पूर्वसंचित पाच वर्षांत पालटले काय? पालटले ते घरातले इंधन, शौचालय, वीज आणि बँकेतले खाते. माणसाने केलेल्या गोष्टींनी जे कमी होते, त्याला दैव म्हणता येत नाही.

मात्र या आकड्यांनी हुरळून जाणेही बरे नव्हे. या निर्देशांकात बारा गोष्टी मोजल्या जातात, पण मजुरी त्यांत नाही. घरात वीज आहे, बँकेत खाते आहे, पण खात्यात जमा करावयास पगार नाही, असा बंद गिरणीचा कामगार या मोजणीतून सहज निसटतो. काय मोजावे हे ठरविण्यातही दारिद्र्याची एक उपपत्ती गृहीत धरलेली असते.

व्यक्तीचा दोष मुळीच नसतो, असे आमचे म्हणणे नाही. दारूने आणि जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक गावात आहेत. परंतु व्यसने श्रीमंतालाही असतात. त्याचे व्यसन त्याला रस्त्यावर आणीत नाही, कारण त्याच्या पाठीशी जमीन, घर आणि पत असते. त्याच चुकीची किंमत गरिबाने पोरांच्या शाळेने आणि बायकोच्या मंगळसूत्राने मोजावयाची. ज्या समाजात एक चूक किंवा एक आजार संसार मोडण्यास पुरेसा होतो, तेथे दोष केवळ चुकणाऱ्याचा नसतो.

योग्य निदानातून काय साधते, याचा धडा महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात धान्याइतकाच मजुरीचा तुटवडा होता. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि शहरातील पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुरीला पैसा उभा राहिला. त्या योजनेने ‘तू गरीब का?’ असे कोणास विचारले नाही. ‘काम करतोस का?’ एवढेच विचारले. लाखो हात पुढे आले आणि आळसाच्या उपपत्तीला तेथेच उत्तर मिळाले. योजनेत भ्रष्टाचार शिरला, मजुरी रखडली, हे खरे. पण ते कारभाराचे दोष, निदानाचे नव्हेत.

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरावयाचा आहे. लाखो भाविकांपुढे शहर देखणे दिसावे ही इच्छा गैर नाही. परंतु रस्त्यावरील माणसे मोटारीत भरून नजरेआड केल्याने दारिद्र्य हटत नाही. फक्त त्याचा पत्ता बदलतो. त्यापेक्षा प्रशासनाने प्रत्येकाची मजुरी कोठे थांबली याची आधी विचारपूस करावी. ज्याचे काम गेले त्याला काम, जो अपंग वा वृद्ध आहे त्याला वेळेवर निवृत्तिवेतन, जो आजारी आहे त्याला इस्पितळ आणि ज्याची थकबाकी अडकली आहे त्याला तीस वर्षांच्या आत निवाडा मिळावा. जत्रांचे आणि पर्यटनाचे हंगाम आपल्या किनारपट्टीवरही येतात; म्हणून हीच कसोटी आपल्या राज्यकर्त्यांनाही लागू आहे. रोग ओळखल्यावाचून औषध देणाऱ्या वैद्याला आपण दारात उभे करीत नाही. राज्यकर्त्यांच्या बाबतीत निराळा न्याय का लावावा?