कांद्याचे बी आणि मधमाशी

कांद्याचे बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याची सारी भिस्त गोंड्यांवर असते. डेंगळे जोमदार वाढले, पाणी वेळेवर मिळाले, गोंडे पांढरेशुभ्र फुलले. तरीही मळणीच्या वेळी कित्येकदा पोकळ बोंडेच हाती येतात. अशा वेळी दोष जमिनीला किंवा खताला दिला जातो. परंतु पुष्कळदा कारण निराळे असते. फुले उमलली, पण त्यांवर मधमाशी फिरकली नाही. कांद्याचे बी साध्या साठवणीत सुमारे वर्षभरच चांगले उगवते. त्यामुळे एका हंगामाची तूट जुन्या बियाण्याने भरून निघत नाही.

फुलातील व्यवस्था

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या मातृकंदांना आपल्याकडे साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येतो. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात व ती एकदम न उमलता दोन ते चार आठवडे उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर असतात आणि मध्यभागी तीन कप्प्यांचा बीजकोश असतो. प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे असतात. म्हणजे एका फुलापासून फार तर सहा बिया मिळू शकतात.

या फुलात नर भाग आधी व मादी भाग मागाहून पक्व होतो. पुंकेसरांतील पराग गळून जातात, त्या वेळी स्त्रीकेसर आखूड व अपक्व असतो. तो पुढे लांब होतो आणि मगच त्याच्या टोकाला पराग ग्रहण करता येतात. म्हणून एका फुलाचे पराग त्याच फुलाच्या कामी येत नाहीत; ते दुसऱ्या फुलाकडून आणावे लागतात. कांद्याचे पराग चिकट असल्याने वाऱ्याने फारसे वाहून जात नाहीत. हे काम कीटक करतात, आणि त्यांत मधमाशी प्रमुख आहे. मधुरसासाठी ती एका फुलावरून दुसऱ्यावर जाते, तेव्हा तिच्या अंगावरील केसांना चिकटलेले पराग पुढच्या फुलावर लागतात.

स्त्रीकेसराच्या टोकावर पडलेल्या परागकणातून एक सूक्ष्म नळी फुटते व ती बीजांडापर्यंत पोहोचते. तेथे होणाऱ्या संयोगातून बियातील अंकुर तयार होतो आणि त्या अंकुरास पुरणारे अन्नही तयार होते. हा संयोग झाला नाही, तर बीजांड सुकून जाते. मग कितीही खत घातले तरी बी भरत नाही.

बांध हे मधमाशीचे कोठार

कांद्याचा फुलोरा महिनाभराचा असतो, परंतु मधमाशीला वर्षभर खावे लागते. उरलेले महिने आग्या, सातेरी व फुलोरी या माश्या करंज, जांभूळ, शेवगा, बोर, तीळ, करडई, कोथिंबीर आणि बांधावरील रानफुले यांवर जगतात. बांध जाळून साफ केला, झाडे तोडली, मोहोळाला आग लावून मध काढला, की पोळी त्या शिवारातून नाहीशी होतात. पीक, बांधावरचे झाड आणि कीटक यांचा संबंध असा परस्परांत गुंतलेला असतो. त्यांतील एक धागा तुटल्यास त्याचा परिणाम दुसऱ्याच्या शेतावरही होतो.

फवारणीचा विवेक

फुलकिड्यांच्या बंदोबस्तासाठी भर फुलोऱ्यात केलेली फवारणी फुलांवर आलेल्या मधमाश्यांनाही मारते. म्हणून फुलकिड्यांचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वीच करावा. पुढे फवारणी अटळ झाल्यास माश्या परतल्यानंतर, सायंकाळी करावी व शेजारच्या पेटीवाल्यास आधी कळवावे. पेट्या आणावयाच्या असल्यास एकरी दोन-तीन पेट्या, सुमारे एक-दशांश फुले उमलल्यावर ठेवाव्यात. मधमाशीपालनाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था पुणे येथे १९६२ सालापासून आहे.

मधमाशी बी भरवते, तशीच ती जातींची सरमिसळही करते. तांबड्या कांद्याजवळ पांढरा कांदा फुलला, तर बियाण्याची शुद्धता राहत नाही. म्हणून दोन जातींत प्रमाणित बियाण्यासाठी किमान ५०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर अंतर राखावे लागते. हे अंतर एकट्याच्या शेतात क्वचितच सापडते. त्यासाठी गावाने लागवडीपूर्वीच विचारविनिमय करणे हिताचे ठरते.

सोपे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फुले उमलण्यापूर्वी शेतातील पाच गोंड्यांवर विरळ मलमलीच्या पिशव्या सैल बांधाव्यात व शेजारचे पाच गोंडे उघडे ठेवून त्यांना खुणेची दोरी बांधावी. बोंडे पिकल्यावर दोन्हींचे बी निरनिराळे काढून शेतकऱ्यांसमक्ष मोजावे. झाकलेल्या गोंड्यांतील बी फारच थोडे निघेल. दोन ओंजळींतील हा फरक ज्याने एकदा पाहिला, तो भर फुलोऱ्यात दुपारी पंप खांद्यावर घेण्यापूर्वी थांबेल.