उसाची पात डोळ्याला लागली तर?

मैत्रिणींनो, ऊस तोडताना, पाचट काढताना पात डोळ्याला लागते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा पडतो. त्यातून बुरशी, जंतू आत शिरले की व्रण, म्हणजे अल्सर होतो. तो भरला तरी पांढरा डाग राहतो. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं.

काही व्रण औषधाच्या थेंबांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रकाशाचे उपचार निघालेत. एकात बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील प्रकाश देतात, दुसऱ्यात रोझ बेंगाल हा गुलाबी रंग घालून हिरवा प्रकाश. प्रकाशामुळे तिथला ऑक्सिजन तीव्र बनतो आणि जंतू मारतो.

पण हा रामबाण नव्हे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात बुरशीच्या व्रणांवर पहिला उपचार तपासला. २०२० साली निकाल छापून आला: थेंबांच्या जोडीला प्रकाश देऊन जादा फायदा दिसला नाही.

खरा उपाय वेळेत आहे. नेपाळात भक्तपूरला गावातल्या आरोग्यसेवकांनी ओरखड्यावर प्रतिजैविक मलम दिलं. १८ तासांच्या आत आलेल्या एकालाही व्रण झाला नाही.

म्हणून एवढं करा:
- डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा.
- दूध, मध, पाल्याचा रस घालू नका.
- मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी फोफावते.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कोल्हापुरात सीपीआर गाठा.

मजुरी बुडेल म्हणून थांबू नका. पैशाची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. डोळा गेला तर परत येत नाही.